फाटकावरचा चहा आणि माझं फिरणं

अकोला, मंगळवार, दिवेलागण

जिंकलो बुवा! भाची रसिकानं चालणं मोजायचं अ‍ॅप बनवलं, ते मी वापरून पाहून राहिलो. पण जठारपेठेत दर घराच्या फाटकाशी कोणीतरी म्हणे, "या भाऊ, चहा घ्या!" थांबलो की अ‍ॅप म्हणे, फिरणं संपलं. पोरगा हसे, "बाबा, तुमच्यानं नाही होत." मलेही वाटे, आपलंच चुकते की काय?

काल रसिका सोबत आली. पहिल्याच फाटकाशी चहा घेतला, अ‍ॅप बंद! तिनं कपाळावर हात मारला. "मामा, चूक माझी आहे. फिरणं संपलं का, हे अ‍ॅपनं आधी विचारायला पाहिजे." रात्रीच दुरुस्त केलं.

आज तीन फाटकं, तीन चहा, फिरणं शाबूत! फोन पोराले दाखवला. आपल्या चपला पुसून ठेवत म्हणाला, "उद्या मीही येतो. पण चहा बिनसाखरेचा."