शिकवणीच्या खोलीतलं मागचं टेबल

सोमवार, १८ सप्टेंबर २०१७

आता रोज लिहायचं म्हणे! कॉलेजच्या समुपदेशक प्रॅट बाईंचा हुकूम. "मनात येईल ते लिहा, डेल्मर." मनात येतंय ते खरंच लिहिलं तर कॉलेजातून आजच हाकलतील.

गेल्या सत्रात गणितात आपटलो. पंचेचाळिसाव्या वर्षी! म्हणून ही शेवटची संधी — सत्तावीस ऑक्टोबरपर्यंत शिकवणीच्या खोलीत आठ वेळा जायचं, शिवाय मधली परीक्षा पास व्हायची. नाहीतर श्वासोपचाराच्या, म्हणजे धाप लागणाऱ्या रोग्यांना ऑक्सिजन लावायचं शिकवतात त्या वर्गातून नाव कट. मी म्हटलं, बाई, बावीस वर्षं खाणीत काढली ती कुणाचा हात धरून नाही. तर म्हणतात, "खाणीत एकटेच उतरायचात का?" घरी बायकोला, रोंडाला, यातलं निम्मंच सांगितलं.

बुधवार, २० सप्टेंबर

गेलो. दारातच टेबल. कॉम्प्युटरवर नाव घाला, कशात मदत हवी ते घाला, मग आत जा. आणि टेबलामागे कोण? आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनची सून! खाण बंद पडली तेव्हा फुकट धान्याच्या खोक्यांसाठी चर्चने अशीच यादी केली होती. कुणाकुणाची नावं आहेत ते दुसऱ्या दिवशी अख्ख्या खोऱ्याला तोंडपाठ. माझं नव्हतं. तीन आठवडे नुसत्या बीन्स आणि मक्याचा पाव खाल्ला आम्ही, पण यादीत नाव नव्हतं. आता इथे घालू? हट्!

मागच्या दाराने शिरलो. मागच्या टेबलावर एर्सेल — खाणीत माझ्याच पाळीला असायचा. "काय रे, तू इथे कसा?" "इथला एसी बरा आहे," म्हणाला. पुढ्यात अपूर्णांकांचं पुस्तक उघडं! शेजारी आणखी दोघं खाणवाले, माना खाली घालून.

शिकवायला ओनायडाबाई. साठी उलटलेली, तीस वर्षं कोळशाच्या काट्यावर वजनं घेत होती. मी कुठल्या दाराने आलो ते तिने बघितलं. "लेका, पुढे नाव घातलंस?" "उद्या घालतो." "हे तिघंही उद्याच घालणार आहेत," म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

गुणोत्तर डोक्यात शिरलं! ओनायडाबाई म्हणाली, "गाडीभर कोळशात दगड किती, हे तू नुसतं बघून सांगायचास ना? मग तेच कर. दगडाच्या जागी ऑक्सिजन." म्हणजे बावीस वर्षं मी गणितच करत होतो की काय!

संध्याकाळी लॉनीकडे गेलो. धाकटा भाऊ माझा, चाळिशीचा, आणि नाकात नळी लावून खुर्चीत बसून असतो. छातीत कोळशाची धूळ. त्याच्या ऑक्सिजनच्या यंत्रावरचा आकडा आज पहिल्यांदा मला कळला. "काय बघतोस एवढं?" म्हणाला. काही नाही म्हटलं. मला हे काम आलं पाहिजे. काहीही करून आलं पाहिजे.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

नाव घातलंस का, ओनायडाबाईचं पुन्हा तेच. मी म्हटलं, तुम्ही बघताय ना मला? मग झालं की! खाणीत मुकादमाने बघितलं की हजेरी लागायची.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

चौऱ्याहत्तर!! पास!!

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

संपलं. पत्र आलं. परीक्षा — पास. शिकवणीच्या खोलीत हजेरी — शून्य. वर्गातून नाव काढण्यात येत आहे.

शून्य! अकरा वेळा गेलोय मी! प्रॅट बाईंकडे धावलो. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "इथे नाही तर नाही, डेल्मर. तुम्हाला बघितलं कुणी?" एर्सेलला गाठलं. म्हटलं, दोन शब्द सांग. तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणतो, "मी तिथे नव्हतोच. आणि तूही नव्हतास." थोबाडीत द्यावीशी वाटली. पण द्यायची कुणाला? मीही तेच म्हणालो असतो.

सोमवार, ३० ऑक्टोबर

रोंडाला सांगितलं नाही. डबा घेऊन निघालो, कॉलेजसमोर ट्रक लावला आणि वर्ग सुटेपर्यंत आत बसून राहिलो. सगळे आत गेले, सगळे बाहेर आले. काय करू? ओनायडाबाईने एवढं बजावूनही नाव घातलं नाही, आता तिला तरी कुठल्या तोंडाने साक्ष द्यायला सांगू? लॉनीने फोन केला, उचलला नाही.

बुधवार, १ नोव्हेंबर

शेवटी लाज सोडून ओनायडाबाईच्या घरी गेलो. पायरीवरच सगळं ओकलो. मला वाटलं शिव्या घालेल. काही नाही. आत जाऊन कागद घेऊन आली आणि टेबलाशी बसून पत्र लिहिलं — हा माणूस अकरा वेळा आला, मी स्वतः शिकवलं. बाकी तिघांबद्दल एक अक्षर नाही. "त्यांचं त्यांनी सांगावं," म्हणाली. "आणि तू हे घेऊन कॉलेजच्या तक्रार समितीकडे जा, तिथे खरं बोल. नाव का नाही घातलंस ते."

सोमवार, ६ नोव्हेंबर

समितीत तिघं, तिघंही परके. खाणीत छत कोसळलं त्या दिवशीसुद्धा इतका घाबरलो नव्हतो. शेवटी म्हटलं, "मला मदत लागते हे कुणाला कळू नये, म्हणून नाव घातलं नाही." एवढंच. बाहेर येऊन ट्रकमध्ये रडलो. रोंडाला आता सगळं सांगितलंय. "गाढव आहेस," म्हणाली. आहेच.

बुधवार, ८ नोव्हेंबर

परत घेतलं!! नाव परत वर्गात! लॉनीला सांगितलं तर हसता हसता त्याला धाप लागली. सोमवारी पहिला जाऊन ओनायडाबाईला सांगणार. तेही पुढच्या दाराने.

सोमवार, १३ नोव्हेंबर

शिकवणीच्या खोलीला कुलूप. दारावर कागद — विद्यार्थी येत नसल्याने बंद.

प्रॅट बाई म्हणाल्या, दोन महिन्यांत कॉम्प्युटरवर फक्त एकोणीस नावं. ओनायडाबाईला कामावरून कमी केल्याचं वीस ऑक्टोबरलाच कळवलं होतं.

म्हणजे माझं पत्र लिहीत होती तेव्हा तिला माहीत होतं. आम्ही चौघांनी नावं घातली नाहीत म्हणून तिचं काम गेलं, हेही माहीत होतं. एक शब्द बोलली नाही मला.