वेदीवरून नेलेला मेंढा

प्रिय फिलिनोस,

भावकीच्या सणासाठी घेतलेल्या मेंढ्याची किंमत कुणी विचारली, की मी बारा द्राख्मा सांगतो. खरा हिशेब असा: बारा द्राख्मा, ते पुरेनात म्हणून तुझ्या आईचा काशाचा आरसा, शिवाय मेंढपाळ पिसियासची वर्षभर फुकट दाढी. आणि सरतेशेवटी तुझ्या मुलाचं नाव. एवढं सगळं मोजूनही मेंढा कापला गेला नाही. मागच्या अंगणात अंजिराची पानं ओरबाडत मजेत उभा आहे.

कसं ते सांगतो. वस्तरा आणि बातमी, दोन्ही सावकाश फिरवावेत.

आधी घरचं. पोरगं छान आहे. खालचे दोन दात आलेत. हनुवटीवर तुझ्यासारखाच खड्डा आहे, पुढे कुठल्या तरी न्हाव्याला त्रास देणार. तो जन्मला तेव्हा तुझं जहाज सामोस बेटाला लागूनही बरेच दिवस झाले होते, म्हणून दारावर ऑलिव्हची माळ मीच बांधली. त्याला उचलून चुलीभोवती फिरवायचा मान बापाचा, पण तोही मीच घेतला. तिमारेती म्हणाली, "मामंजी, जरा बेतानं. निखाऱ्यांत बसाल." रीतीप्रमाणे नावही आजोबाचंच ठेवलं, मेनोन. सूनबाई त्याला रागावून हाक मारते तेव्हा मीच दचकतो.

तर सण, पोराचं नाव भावकीत लावायचा. तुला माझं माहीतच आहे. या बाजारात मी अनवाणी आलो, दुसऱ्याच्या दुकानात केस झाडले, आणि आज माझी स्वतःची तीन आसनं आहेत. भावकीतला एकही जबडा असा नाही की जो माझ्या हाताखालून गेला नाही. बाजारात कुणाला शिंक आली तरी ती आधी माझ्या दुकानात ऐकू येते, असं मी म्हणत असे. त्यामुळे नातवाला कडेवर घेऊन, मेंढ्याला दोरी लावून, ताठ मानेनं वेदीपाशी गेलो.

मेंढा तोलायला उचलला की चहूकडून "कमी! कमी!" असा ओरडा करायची आपली जुनी थट्टा. हत्तीएवढा मेंढा आणला तरी ओरडतात. तुझ्या वेळी म्हातारा तेलेस इतका ओरडला होता की त्याला ठसका लागला. या वेळी मेंढा तोलला आणि कुणी ओरडलंच नाही. तेलेस आपल्या चपलेचा बंद सोडून पुन्हा बांधत बसला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मग केफिसोन उठला, तुझा केफिसोन, तुझ्याबरोबर वल्ही मारलेला. त्यानं मेंढ्याचं शिंग धरलं आणि त्याला वेदीपासून बाजूला नेलं, हरकत घ्यायची रीतच ती. म्हणाला, "मेनोनकाका, राग मानू नका. पण या पोराच्या आईला आपल्या भावकीत कुणी आणलंय? लग्नाचं जेवण कुणी जेवलंय? आम्ही तर नाही." एकानं हळूच, "ठेवलेली असेल," असं म्हटलं. कुणी म्हटलं ते मला ठाऊक आहे. त्याची दाढी मी अजूनही करतो.

जेवण राहिलं हे खरं. आता या वर्षी पोराचं नाव लागणार नाही. पुढच्या सणालाही लागलं नाही, तर तो या शहरात ना सभेत बसेल, ना माझ्या पश्चात या घरात. आणि तिमारेतीला तुझ्या हाती देणारा तिचा काका उन्हाळ्यात तापानं गेला. साक्षीला उरलो मी.

पण त्या दिवशी केफिसोन आणखी एक वाक्य बोलला, ते मला चावत राहिलं: "फिलिनोसनंच तेव्हा जेवण नको म्हटलं होतं." फिलिनोस, ते तू मला दुकानात म्हणाला होतास, फळ्या लावल्यावर. "बाबा, परत आल्यावर थाटात देऊ." आपण दोघंच होतो. केफिसोन तर तेव्हा शहरातही नव्हता. सणाच्या थोडे दिवस आधी तो सामोसहून आला, तुझ्याकडची खारी मासळी दिली, पण बायकोला निरोप नाही, पोराची चौकशी नाही. मग माझ्या आसनावर बसलेल्या एका व्यापाऱ्यानं सहज सांगितलं, की सामोसच्या एका मोठ्या मळेवाल्याला एकुलती एक मुलगी आहे आणि त्याला जावई सापडलाय, आथेन्सचा, हनुवटीला खड्डा असलेला. मी त्याचा गाल कापला. पहिल्यांदाच.

बायको टाकलीस तर हुंडा परत द्यावा लागतो, आणि मुलगा तरीही मुलगाच राहतो. लग्नच झालं नव्हतं म्हटलं की दोन्ही सुटतं. अक्कल तुला माझीच मिळाली आहे, म्हणून तर मला ती ओळखता आली.

हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. मी काय करणार आहे ते तुला आधी कळावं, पाठीमागून नको, एवढ्यासाठी लिहितोय. पुढच्या सणाला मी हाच मेंढा घेऊन जाईन. वेदीवर हात ठेवून शपथ घेईन, की तिच्या काकानं "औरस संततीच्या पेरणीसाठी ही मुलगी तुला देतो" असं म्हटलेलं मी ऐकलं, तू "घेतो" म्हणालास तेही ऐकलं, आणि वरातीची मशाल माझ्या हातात होती. बापानं मुलाविरुद्ध अशी शपथ घेतलेली आपल्याकडे कुणी पाहिलेली नाही. खोटं ठरवायचं असेल तर ये, आणि शिंग तू स्वतः धर. केफिसोनला पाठवू नकोस. काल सकाळी धीर करून हे सगळं तिमारेतीला सांगायला बसलो. ती जवाचं पीठ मळत होती, मळायची थांबली नाही. म्हणाली, "मामंजी, मला उन्हाळ्यापासून माहीत आहे. विहिरीवरच्या सगळ्या बायकांना माहीत आहे. तुम्हाला कुणी सांगू नये, म्हणून मीच त्यांच्या हातापाया पडले होते."

अजून तरी तुझाच बाप,
मेनोन