तेविसाव्या मिनिटाची नोंद

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, हवामान कचेरीतून मुख्य निरीक्षक म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. ‘राजीखुशीने’ हा शब्द वकिलांचा. मी खूश वगैरे नाही. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी तपासून लिहून दिले आहे. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे मी स्वतःच्या हाताने फाडली. का, ते शेवटी येईल.

कलम १. राहते घर, गच्चीसह, धाकट्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. तिच्या नवऱ्याने गेल्या महिन्यात जिन्यात टेप लावून भिंत मोजली, ते मी पाहिले. त्याच्या माहितीसाठी लिहिते, त्या भिंतीला आतून ओल आहे.

कलम २. अचूक नोंदींबद्दल मला मिळालेले चौकटीतले प्रशस्तिपत्र आमच्या तेव्हाच्या साहेबांना परत द्यावे. ते अजून हयात आहेत. त्यांनी ते हवे तिथे टांगावे.

कलम ३. भावाचे उडत्या तबकड्यांचे मंडळ दर रविवारी माझ्या गच्चीवर जमते. त्यांना काही नाही, खुर्च्यासुद्धा नाहीत. त्यांचे तर्कशास्त्र असे, की वस्तू ओळखता आली नाही, म्हणजे ती परग्रहावरून आली. दाराची घंटा वाजवून कोण पळाले ते कळले नाही, म्हणजे राजाच येऊन गेला! चौतीस वर्षे मी लोकांचे घाबरलेले फोन घेतले. कुणाला शुक्र दिसलेला असे, कुणाला विमानाचा दिवा, कुणाला आमच्याच कचेरीने सोडलेला फुगा.

“बाई, तो हलतोय हो!”

“तुमचा हात हलतोय. भिंतीला टेकून बघा.”

ओळख न पटणे हे आपल्या अज्ञानाचे माप आहे, पाहुणे आल्याचा पुरावा नव्हे. हे मी जन्मभर सांगत आले आणि आता मेल्यावरही सांगत आहे.

कलम ४. धाकट्या भावाला काहीही नाही. तीस वर्षे तो माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतो, गच्चीचा नळ उघडा टाकतो आणि जेवताना वर बघतो. एक चमचासुद्धा नाही. कारण कलम ६ मध्ये.

कलम ५. एक्केचाळीस वर्षांपूर्वी भाऊ आणि मी एकाच कचेरीत होतो. सकाळी गच्चीवरून हायड्रोजनचा फुगा सोडायचा, एकाने दुर्बिणीतून त्याच्यावर नजर ठेवून दर मिनिटाला कोन सांगायचे, दुसऱ्याने ते तक्त्यात लिहायचे. त्यावरून वरच्या वाऱ्याची दिशा आणि वेग काढतात. त्या सकाळी तो पाहत होता, मी लिहीत होते. तेविसाव्या मिनिटाला तो गप्प झाला.

“अरे, कोन सांग.”

“ताई, फुग्याशेजारी काहीतरी आहे. वाऱ्याबरोबर जात नाहीये. तू बघ.”

मी पाहिले. राखाडी, लांबट, कडा स्पष्ट. फुगा वाऱ्याने पुढे सरकत होता आणि ते जागच्या जागी उभे होते. मग ते वर गेले, कोणत्याही फुग्याला जमणार नाही इतक्या वेगाने. पक्षी नव्हता, विमान नव्हते, शुक्र तर नव्हताच. काय होते ते मला तेव्हा कळले नाही, आजही माहीत नाही.

“लिही,” तो म्हणाला.

मी लिहिले, ‘फुगा ढगाआड.’

त्याने वेगळा अर्ज करून साहेबांना कळवले. साहेबांनी मला बोलावले. माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता.

“बाई, तुम्हीही पाहिलंत?”

“नाही साहेब. मला काही दिसलं नाही.”

त्याला निरीक्षणावरून काढून भांडारात बसवले. तेव्हापासून चहा आला की कुणीतरी ओरडे, “बशी धरून ठेवा रे, उडेल!” एकदा मीही हसले. तो दारातच उभा होता.

पुढे त्याने परग्रहवासी, त्यांची याने, सगळी भुतावळ गोळा केली. मी त्याला मूर्ख म्हटले, आजही म्हणते. पण त्या सकाळी तो फक्त ‘काहीतरी आहे’ एवढेच म्हणाला होता, आणि ते पूर्णपणे तर्काला धरून होते. तर्क सोडला तो मी. एका ओळीच्या नोंदीत मावणारी गोष्ट होती. मी ती ओळ दिली नाही, म्हणून त्याने तिच्यासाठी अख्खे विश्व उभे केले.

गेल्या वर्षी वरचे छत गळू लागले म्हणून त्याची ट्रंक हलवली. तळाशी त्या तक्त्याची कार्बन प्रत होती. तेविसावे मिनिट, ‘ढगाआड’. त्याच कागदावर, वरच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात लिहिलेले, ‘ढग शून्य. आकाश निरभ्र.’ हा कागद त्याने साहेबांपुढे टाकला असता, तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती.

“दाखवला का नाहीस?” मी विचारले.

“आईचं औषधपाणी तुझ्या पगारावर चालायचं, ताई.” एवढे बोलून तो खाली चहा टाकायला गेला.

चाळीस वर्षे त्याने मला उपकाराखाली ठेवले आणि त्याचा पत्ता लागू दिला नाही. मी त्याला रोज वेड्यात काढत होते आणि तो निमूट ऐकत होता. याबद्दल मी त्याला माफ करीत नाही. स्वतःला करण्याचा तर प्रश्नच नाही.

कलम ६. पहिल्या मृत्युपत्रात मी घर भावाला दिले होते. ती लाच होती. दुसऱ्यात लिहिले होते, की मी मेल्यावर कचेरीला खरी नोंद कळवावी. तो पळपुटेपणा होता. आता ती कार्बन प्रत आणि माझ्या सहीची दुरुस्ती कचेरीच्या पत्त्याच्या पाकिटात घातली आहे. ‘तेविसावे मिनिट. ढग नव्हता. अनोळखी वस्तू दिसली. पाहणारे दोन.’ डॉक्टरांनी आजच घरी जाताना ते टपालात टाकावे.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. कायद्याचा तर्क सरळ आहे, दोघांनी पाहिले म्हणजे घडले. त्या सकाळीही आम्ही दोघे होतो. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असे वकील म्हणाले. म्हणून भावाला चमचाही नाही. मला त्याच्याकडून फक्त साक्ष हवी आहे. सहीआधी हे सगळे मी त्याला मोठ्याने वाचून दाखवीन. मग तो नाही म्हणू शकतो. मी म्हटले होते.

ठिकाण : राहत्या घराची गच्ची
दिनांक : ११ मार्च २०२३, सकाळी सव्वानऊ

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार पहिला : डॉक्टर. (सही) पाकीट मिळाले.

साक्षीदार दुसरा : धाकटा भाऊ, निवृत्त भांडारपाल. (सही) ताईने माझ्यासमोर सही केली. मी पाहिली. आकाश निरभ्र.