वरच्या थरातले पाच शिंपले

१२ जून १९६१, सोम.
शारदा आजपासून आमच्या खात्यात. जागा तात्पुरती. कॉलेजच्या भूगर्भखात्यात अकरा वर्षं ड्राफ्ट्समन मी एकटाच. सरांना आणखी एक हात हवा होता, तेव्हा मेव्हणीचं नाव मीच सुचवलं. बी.एस्सी. होऊन होसकोट्याला घरी बसली होती. राहील आमच्याकडेच. बायको (प.) भलतीच खूश, बहिणीसाठी सकाळी शिरा केला. मी रुजू झालो त्या दिवशी काय केलं होतं, आठवत नाही.

१५ जून
सरांनी अरियलूरहून आणलेली पोती उघडली. तिथला समुद्र हटून युगं लोटली, शिंपले दगड होऊन राहिलेत. दोन ट्रे केले. खालच्या थरातले, म्हणजे जुने, एकात. वरच्या थरातले, नंतरचे, दुसऱ्यात. शारदाने धुऊन मांडले. शाईने नंबर घालायचं काम माझं. करू सावकाश.

२४ जून, शनि.
जेवताना प.ने विचारलं, शिंपल्याचा दगड होतो कसा. शारदा सांगत बसली. प्राणी मरतो, मांस कुजतं, शिंपला चिखलात रुततो. वर गाळ बसत जातो. झिरपणारं पाणी शिंपल्याच्या कणाकणात खनिज भरतं, हळूहळू दगडच होतो, आकार मात्र तोच.
‘लाखांतला एखादाच टिकतो अक्का. बाकीचे विरघळून, झिजून जातात.’
प. वाढायची थांबून ऐकत होती. मला तिने अकरा वर्षांत एकदा विचारलं नाही. (मीही सांगितलं नाही म्हणा. पण तरी.)

३ जुलै, सोम.
सरांनी माझा नि शारदाचा कागद शेजारीशेजारी ठेवले. माझ्या कागदावर एकच शिंपला, रेखीव. पूर्वी चिक्कपेटेत फोटोस्टुडिओत नवरदेवांच्या नाकावरचे मस काढायचो, तोच हात. तुटलेली कड पुरी करतो, वाकडं असेल ते सरळ. तिच्या कागदावर चाळीस शिंपले, दोन्ही थरांतले वेगवेगळे मांडून, जसे आहेत तसे, टवक्यांसकट. दोन सारखे नाहीत.
सर इंग्रजीत बोलले, अगदी सौम्यपणे. ‘राव, तुमचं चित्र सुंदर आहे. पण असा शिंपला कधी जगलाच नाही.’
मग समजावून सांगितलं. पिल्लं आईबापांसारखी असतात, पण हुबेहूब नसतात. जो फरक त्या जागी सोयीचा, तो असलेली जास्त तगतात, त्यांचीच पिल्लं वाढतात. अशा हजारो पिढ्या गेल्या की जातच बदलते. तो फरकच खोडला तर बघायचं काय?
म्हणजे अकरा वर्षं मी नेमकं तेच खोडत आलो.
सरांच्या नव्या लेखातली माझी बारा चित्रं रद्द. शारदा नव्याने काढणार.

९ जुलै, रवि.
पाहुणे आले होते. प.ने त्यांना शारदाने घरी आणलेला कागद दाखवला, माझ्या देखत. शारदाच्या डोक्यात आलंय की खालच्या थरातले शिंपले सपाट, वरचे जास्त बाकदार. तळाचा चिखल वाढत गेला असेल, बाक असलेल्यांचं तोंड चिखलाबाहेर राहिलं, ते जगले. सर म्हणतात मोजून बघू, जुळलं तर लेखावर तिचंही नाव. तिला येऊन महिना झाला नाही. माझं नाव आजवर आभारातसुद्धा…

१३ जुलै, गुरु.
जेवणाच्या सुट्टीत खोलीत मी एकटा. वरच्या थराच्या ट्रेमधले पाच सर्वांत बाकदार खालच्या थराच्या ट्रेत ठेवले, खालचे पाच सपाट वर. संख्या तीच. नंबर अजून घातलेच नव्हते. दोन मिनिटंही लागली नाहीत. 

१७ जुलै, सोम.
सरांनी दिवसभर कॅलिपरने मोजलं. काही जुळेना. बाकदार दोन्हीकडे, सपाटही दोन्हीकडे. सर म्हणाले, आपण घाई केली वाटतं. शारदा घरी येऊन जेवली नाही. प. सारखी ‘स्वल्प खा गं’ म्हणत होती.
मी दोनदा भात घेतला.

१९ जुलै
सकाळपासून ती आपला कागद नि दोन्ही ट्रे घेऊन बसली होती. एकेक शिंपला कागदाशी धरून बघत होती. मी शाई ढवळत बसलो. साडेचारला खालच्या ट्रेमधला एक उचलला, बराच वेळ धरला. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग शोधून शोधून दहाच्या दहा जागच्या जागी ठेवले. प्रत्येक टवका तिने काढून ठेवलाय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

२० जुलै, गुरु.
ती सरांकडे गेली. मलाही बोलावलं. आता सगळं बाहेर येणार म्हणून मी दाराशीच उभा राहिलो. सरांनी विचारलं, मिसळले कसे. ती म्हणाली, ‘चित्रं काढून परत ठेवताना माझ्याकडून मिसळले, सर.’
सरांनी पुन्हा मोजलं, सगळं जुळलं. पण ते म्हणाले, कुठल्या थरातला ते चुकलं की फॉसिल नुसता दगड, असा निष्काळजीपणा इथे चालत नाही. तिला या महिन्यानंतर ठेवणार नाहीत. लेखावर नावही नाही.
बसमध्ये मी विचारलं, असं का सांगितलंस.
‘अक्काला कळलं तर तिने कुणाकडे बघायचं, भावजी?’ एवढंच. 

२९ जुलै, शनि.
शारदा होसकोट्याला परत गेली. बसपर्यंत तिची ट्रंक मी नेली. प. रडली. नंतर म्हणाली, ‘तुम्ही तिला जरा सांभाळून घ्यायचं होतं.’ ‘सरी’, बरं, म्हटलं.

१ ऑगस्ट, मंगळ.
सर मद्रासला गेलेत, गुरुवारी येतील. जाताना शारदाचे कागद माझ्या टेबलावर ठेवून गेले. पेन्सिलीवर शाई फिरवायची नि खाली माझी सही करायची, छापखान्याला ड्राफ्ट्समनची सही लागते.
आज सव्वीस झाले. एकेका शिंपल्याशी थांबावं लागतं. असं बघायला मला का नाही जमलं? आणि असं गप्प राहायला तरी. त्यातही तीच सरस, याचाही हेवा वाटतो, काय माणूस आहे मी.
सरांना चिठ्ठी लिहायला घेतली. ‘आदरणीय सर, १३ तारखेला दुपारी’ इथवर आली आहे. चौदा शिंपले राहिलेत. सही केलेली नाही.