समुद्रात घेतलेलं नाव

॥ श्री ॥

रामेश्वर, धर्मशाळेतून
ता. ११ फेब्रुवारी १९७९

चि. सौ. जमना हिला रखमाचा आशीर्वाद. चिंतूला गोड पापा.

आम्ही दोघं खुशाल आहोत. यात्रेच्या बसनं ह्यांची पाठ धरली होती, तेल चोळलं, आता बरी आहे. 'हे' म्हटलं की तुला कळेलच, आपल्या दोघींना एकच आहेत. वाडीतल्या चिंधू गड्याला सांग, चिकू कोवळे उतरवू नकोस. कुणी बघत नसलं की त्याचा हात भलताच चालतो.

परवा बस अलीकडच्या काठाला ठेवून आम्ही आगगाडीनं समुद्रावरून आलो. वर रूळ, खाली नुसतं पाणी. गाडीतल्या बाया डोळे मिटून रामनाम घेत होत्या, मी मात्र सगळं बघितलं. इकडचा समुद्र तळ्यासारखा गप्प. हे म्हणाले, "ह्याला समुद्र म्हनतात? आपल्या दांडीच्या किनाऱ्यावरची पोरं हसतील." देऊळ भलतं मोठं. एका खांबापाशी उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचा माणूस मुंगीएवढा दिसतो.

मदुरेला साड्या घेतल्या. जांभळी तुला, हिरवी मला. जांभळीचा काठ रुंद आहे. तू म्हणशील, थोरली तीर्थाला जाऊन काठ बघत बसते. बसते. बेटेगावला तुला बघायला मीच आले होते ना? तुझ्या हातचा चहा पिऊन मीच ह्यांना म्हटलं, पोरगी चांगली हाय, करून टाका. मला मूल होईना म्हणून रखमानं आपणहून सवत आणली असं गावात कौतुकानं सांगतात. आपणहून कोण आणतं गं? सासूबाई रोज उंबऱ्यात बसून रडायच्या, ते ऐकवेना म्हणून आणली.

मामंजींचा नवस राहिला होता, मुलानं रामेश्वरी जोडीनं स्नान करावं असा. विधीला थोरलीच लागते म्हणून माझी वर्णी लागली. ह्या बसमध्ये तुला कुणी ओळखत नाही. सगळे मला नुसतं वहिनी म्हणतात. सालवडच्या दमयंतीबाई माझ्या शेजारी बसतात. त्यांनी विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, एक, चिंतू. हे खिडकीबाहेर बघत राहिले. बोईसर सुटल्यापासून मी एकटीच ह्यांची बायको होते. फार सुखाचे दिवस गेले, जमना. वाचून तुला लागेल. लागू दे.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. समोर बसून सांगायला गेले तर तुझं तोंड बघून अर्धं गिळीन.

काल सकाळी समुद्रात स्नान झालं. ह्यांच्या उपरण्याला माझ्या पदराची गाठ मारली, कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं. गुरुजी आपलंच मराठी बोलणारे. त्यांनी ह्यांचं नाव, गोत्र विचारलं. मग म्हणाले, "पत्नीचं नाव?"

हे म्हणाले, "जमना."

अडखळले नाहीत, काही नाही. रोज हाक मारतात तसं. गुरुजींनी तेच नाव मंत्रात घेतलं. गाठ माझ्या पदराला आणि नाव तुझं. मागे जोड्या खोळंबल्या होत्या. गुरुजी म्हणाले, मनातलं मागा आणि बुडी घ्या. मी घेतली.

बाहेर आले तर दमयंतीबाई म्हणतात, "अहो जमनावहिनी, पदर पिळून घ्या, सर्दी होईल." त्यांनी मागून ऐकलं होतं. तेव्हापासून मी ह्या बसमध्ये जमनावहिनी आहे.

मग देवळातल्या विहिरींचं स्नान. बादल्या डोक्यावर ओतत होते आणि मी मनात तुला शिव्या देत होते. नवरा घेतलास, मूल तुझं, आता मी इतक्या लांब येऊन पुण्य कमावलं तर तेही तुझ्या नावावर. असं म्हणता म्हणता ध्यानात आलं, मी मागितलं काय होतं ते. मागितलं होतं, कुंकवासकट जावं, ह्यांच्या आधी. बाई दुसरं काय मागते? ते मागणं तुझ्या नावावर गेलं होतं, म्हणजे आधी जाणार तू.

खोटं लिहीत नाही. मला बरं वाटलं. दुपारी मी पोटभर जेवले. तू नसशील, चिंतू माझ्यापाशी निजेल. मला तो मोठी आई म्हणतो, त्यातलं मोठी गळून पडेल. इथवर माझं मन गेलं.

संध्याकाळी ह्यांनी चिंतूसाठी शंख घेतला, कानाला लावून बघत होते. तेव्हा मला दिवाळीतला त्याचा ताप आठवला. तू विहिरीवर गेली होतीस, मी त्याला छातीशी धरून फिरवत होते, आणि तो माझ्या खांद्यावरून मान काढून दाराकडे बघत होता. तू नसलीस तर तो जन्मभर असाच दाराकडे बघेल. 

तशीच उठून गुरुजींकडे गेले. म्हटलं, नाव चुकलं, बदलून द्या. ते म्हणाले, "बाई, संकल्प जोडीचा असतो. यजमानांना घेऊन या." म्हणजे ह्यांना सांगणं आलं.

"असं बोललो मी?" हे म्हणाले.

"बोललात."

"मंग तवाच का नाय सांगितलंस?"

"तुमच्या तोंडून आलं होतं, मी काय सांगू?"

ह्यांनी शंख पिशवीत ठेवला. नंतर म्हणाले, "चुकून गेलं गं." मला ते ठाऊक होतं. मुद्दाम म्हणाले असते तर भांडता आलं असतं.

आज सकाळी पुन्हा गाठ मारली, पुन्हा पाण्यात उभे राहिलो. दमयंतीबाई काठावरून टकमक बघत होत्या. गुरुजींनी विचारलं, पत्नीचं नाव? हे थांबले. माझ्याकडे बघितलं, आणि मग म्हणाले, "रखमा." नाव बरोबर घेतलं. पण तुझं घेताना थांबावं लागलं नव्हतं.

मी पुन्हा तेच मागितलं आणि बुडी घेतली. तू सुटलीस, काळजी करू नकोस. डोकं वर काढलं तेव्हा उमजलं की मी आधी गेले तर मागे हे तुझ्याकडेच राहणार, अगदी एकटीकडे. आता तिसऱ्यांदा गुरुजींकडे कुठल्या तोंडानं जाऊ?

उद्या कन्याकुमारी. जांभळी साडी तुला मी माझ्या हातानं देईन, ह्यांना देऊ देणार नाही. एवढं माझं चालू दे.

तुझ्या आधी आलेली आणि तुझ्या आधी जाणारी,
रखमा