कढईवर धरलेला फोन

प्रिय यूचिन,

“यूफांगला भांडी घासू दे, पीठ यूचिन मळेल.” आजोबांच्या बरसीला आई हे सगळ्या बायकांदेखत म्हणाली होती. तू तेव्हा लहान होतीस, बाह्या वर सारत ओट्याशी गेलीस. तुला ते आठवतही नसेल. ज्याच्या हाती पीठ येतं, त्याने कशाला आठवावं?

इकडे शीआनला थंडी पडलीय. आपल्या गल्लीत हल्ली चालायला जागा नसते. बाहेरगावचे लोक डाळिंबाचा रस पीत थेट मशिदीच्या दारापर्यंत येतात. यांचं मटणाचं दुकान बरं चाललंय. परवा आईची बरसी झाली. तुला यायला जमलं नाही, म्हणून बरसीला वाटायच्या योश्यांग पुऱ्या मी तळायच्या असं ठरलं. खरं सांगते, मला आनंद झाला होता. पहाटे न्हाले, वजू केली, डोक्याला नवा पांढरा रुमाल बांधला. पीठ असं मळलं की माझं मलाच कौतुक वाटलं. कढई तापत होती, तेवढ्यात शेजारच्या थ्ये काकूंनी फोन काढला. “थांब गं, तेल तापलं का ते यूचिनला विचारू.” आणि खरोखरच कढईवर फोन धरला. तू तिकडे क्वांगचौमधून म्हणालीस, “ताई, अजून जरा थांब.” मी थांबले. सगळ्या बायका फोनकडे बघत होत्या. दुपारी इमामसाहेबांनी एक पुरी हाताने मोडली, तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, “यूचिन आली वाटतं?” सगळे हसले. मीही हसले.

तुझा राग करावा, तर तू काही केलेलंच नसतंस. तू गेलीस, हॉटेल काढलंस, दर ईदला न विसरता सगळ्यांना फोन करतेस. आईचं शेवटचं मी केलं. कूस बदलणं, न्हाऊ घालणं, घास भरवणं. पुढे तिला माणसं ओळखू येईनात, तेव्हा ती मला यूचिन म्हणायची. मी ओ द्यायची, कारण त्या नावाला ओ दिली की ती जेवायची. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बरसीच्या संध्याकाळी आमची रुईनिंग म्हणाली, “आई, मी मावशीकडे जाऊ? तिच्या हाताखाली शिकायचंय.” मी म्हटलं, अगं, इथे मी आहे की. माझ्यासाठी तीच लाजली बिचारी. मी अडवलं तर रुसून जाईल. तू नको म्हणालीस तर ऐकेल. शुक्रवारी ती तुला फोन करणार आहे. हॉटेलात जागा नाही म्हण, काहीही म्हण. तू तसं म्हणणार नाहीस, मला माहीत आहे. तिच्यासाठी खोलीसुद्धा झाडून ठेवशील. तरी मागते. आई तुझी होती, हे मी कधीच मान्य केलंय. ही मला राहू दे.

तुझीच,
यूफांगताई