घर धाकट्याच्या नावावर नाही

मी, खाली सही करणारा, सुतार, वय एक्क्याऐंशी, पूर्ण शुद्धीत हे लिहीत आहे. हात थरथरतो तो वयाने. दारूला मी जन्मात शिवलेलो नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून प्रत्येक ओळ पुन्हा वाचून पाहिली आहे.

१. राहते घर आणि मागची कामाची खोली धाकट्या मुलाला देत नाही. रागाने नाही. तोच म्हणाला, "बाबा, माझ्या नावावर नका करू. उद्या घसरलो तर विकून पिऊन टाकीन." हे ऐकायला मी जगलो, याचे वाईट वाटते.

२. घर नगरपालिकेच्या त्या निवाऱ्याला वापरायला द्यावे, जिथे दारू सोडलेले आईबाप मुलांसह राहतात. अनुदानात जेवण आणि देखरेखीचा पगार बसतो, भाडे बसत नाही, आणि आताचा मालक जागा परत मागतो आहे. पूर्वी तर अनुदान पिणाऱ्याच्या नुसत्या खाटेचे होते, मुलाबाळांचे नाही. धाकटा तिथे एकटा राहायचा, लेकीच्या आठवणीने पळून यायचा आणि तिला भेटून परतताना गुत्त्यात शिरायचा. मी नगरपालिकेतल्या साहेबांना म्हणालो, "पोर बापाच्या खाटेवर निजेल की!" ते म्हणाले, "आजोबा, नियमात पोर नाही." पुढे नियम बदलला, पण तोवर सून वाट बघून, लेकीला मागे ठेवून निघून गेली होती. त्या साहेबांना माझा नमस्कार सांगू नये.

३. धाकट्याने लेकीला घेऊन तिथे इतरांसारखेच राहावे. प्यायला तर त्याने बाहेर पडावे आणि नातीला माझ्या थोरल्या मुलीने न्यावे. हे कलम मी खोडले होते. त्याने पुन्हा लिहायला लावले.

४. अनुदान बंद पडले तर घर नातीचे. पण बंद पाडू नका हो, एवढी विनंती.

५. थोरल्या मुलीला बँकेतली शिल्लक आणि तिच्या आईचे दागिने. "घराची धर्मशाळा करताय," म्हणून तिने अबोला धरला आहे. तो माझ्यामागे तरी सोडावा.

६. रंधा नातीला. तिच्या बापाने तो एकदा विकला होता. मी जुन्या बाजारातून शोधून आणला. पाते कोरडे ठेवावे, नाहीतर गंजते.

सही : सुतार
साक्षीदार : शेजारचे शिंपी, गल्लीतले डॉक्टर
ठिकाण : राहते घर, पुढची खोली
तारीख : सोळा, महिना अकरावा

ता. क. सही करताना कागद सरकत होता, म्हणून धाकट्याने धरला. त्याला यात काहीच मिळत नाही, तेव्हा कायद्याची हरकत नसावी. त्याचा हात आता थरथरत नाही. साक्षीदारांनीही पाहिले आहे.